नववी सूचना

बहिरूच्या डाव्या पावलाचा पुढचा भाग ज्या सूचनेमुळे गेला, ती सूचना मी लिहिली होती. एकूण बारा सूचना होत्या. ही नववी.

मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो ते १९७१ साल. त्याच वर्षी लोणावळ्याजवळ कुसगावच्या वरच्या टेकाडावर एका मुंबईच्या कंपनीने बांधलेल्या विश्रामधामात मला काम मिळालं. पाण्याचा पंप, जनरेटर, टाकीत टाकायचं औषध, असल्या गोष्टींवर देखरेख. पहिले सहा महिने तात्पुरते, नंतर कायम. व्यवस्थापक ढमाले साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे यंत्रं बिघडतात ती पावसाने आणि माणसांनी. पावसाचं आपण काही करू शकत नाही.

इमारतीच्या खाली चार एकर गवताळ उतार होता. आषाढ-श्रावणात तिथे गवत गुडघाभर वाढायचं आणि पाऊस ओसरला की वाडीवरच्या बारा बायका विळे घेऊन ते कापायच्या. त्या वर्षी कंपनीने देश सोडून जाणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरकडून गवत कापायचं यंत्र विकत घेतलं. चार चाकं, एक बैठक, मोटारीसारखं सुकाणू, पुढे पेट्रोलचं इंजिन आणि पोटाखाली गरगर फिरणारं लोखंडी पातं. बसून चालवायचं. गावातले लोक त्याला छोटा ट्रॅक्टर म्हणत आणि बघायला कुंपणाशी येऊन उभे राहत.

चालवायला बहिरूला निवडलं. तो पंचेचाळिशीचा असेल. वीस वर्षं त्याने गवताच्या गाड्या हाकल्या होत्या. डोंगरावरून गवत भरून लोणावळ्याच्या बाजारात न्यायचं काम. यंत्राच्या शेडमागे पत्र्याची एक खोली होती, ती त्याला आणि त्याच्या बायकोला, हिरीला, मिळाली. हिरी त्या बारा बायकांपैकीच एक. तिचं काम यंत्राने गेलं होतं आणि हे ती नवऱ्याला रोज ऐकवायची. "बारा जनींचं काम खाऊन एकला बसून फिरतोय, राजावानी," असं ती एकदा माझ्यासमोर म्हणाली, तेव्हा बहिरूने नुसतं सुकाणू पुसलं आणि म्हणाला, राजाला निदान शिव्या खाव्या लागत नसतील.

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती. ती मराठीत करून शेडमध्ये लावायची, ही कल्पना माझी. अडचण अशी, की पावसाळाभर ती पुस्तिका शेडमधल्या कपाटात पडून होती आणि लोणावळ्याच्या दमट हवेत तिची पानं एकमेकांना चिकटली होती. मी किटलीच्या वाफेवर एकेक पान सोडवलं. बहुतेक सुटली. मधल्या चार पानांचा लगदा झाला. अनुक्रमणिकेवरून कळलं की त्या चार पानांत उतारावर यंत्र कसं चालवावं ते होतं.

त्याच कपाटात जुन्या यंत्राची पुस्तिका होती. ते मागून चालत ढकलायचं यंत्र होतं, केव्हाच मोडीत गेलेलं. त्यात उताराविषयी स्वच्छ लिहिलं होतं: नेहमी उताराला आडवं कापा, वरखाली कधीही कापू नका. मी ते उचललं आणि नववी सूचना म्हणून लिहिलं. असं का, हे मी स्वतःला विचारलं नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाने पहिल्यांदा तेच विचारायला हवं होतं.

बाकीच्या अकरा सूचना चांगल्या होत्या. रोज सकाळी तेल बघा. इंजिन गरम असताना पेट्रोल भरू नका. पात्याला हात लावण्याआधी प्लगची तार काढून ठेवा. कापण्याआधी जमीन चालून बघा, दगड उचला. ओल्या गवतावर चालवू नका. मागे कोणाला बसवू नका. मी मोठ्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलं आणि भिंतीला टाचलं. बहिरूला वाचता येत नव्हतं, म्हणून एकेक सूचना वाचून दाखवली आणि त्याच्याकडून म्हणवून घेतली. त्याच्याइतका काळजीने वागणारा माणूस मी नंतर फारसा पाहिला नाही. पातं नुसतं पुसायचं असलं तरी तो आधी तार काढून खिशात ठेवायचा. दर पंधरा दिवसांनी लोणावळ्याहून ताजुद्दीन मिस्त्री पात्याला धार लावायला आणि पट्टा बघायला यायचा. तो म्हणायचा की हे यंत्र त्याच्या हाताखालच्या सगळ्या गाड्यांपेक्षा निरोगी आहे, कारण त्याचा ड्रायव्हर त्याला घाबरतो.

नववीपाशी मात्र बहिरू अडला.

"मास्तर, ह्ये आडवं न्हाई जमायचं," तो म्हणाला. "गवताची भरली गाडी उतारावर आडवी घेत न्हाईत. वरचं चाक दगडावर चडलं की गाडी गेली. उभी घ्यायची, सरळ."

मी त्याला सांगितलं की गाडी आणि यंत्र यांत फरक आहे. ओळंबा आणि कोनमापक घेऊन मी उतार मोजला होता. सर्वांत जास्त तो सतरा अंश होता, हेही सांगितलं. शेवटी म्हणालो, पुस्तकात तसं आहे.

"पुस्तकात हाय म्हंजी असंल," बहिरू म्हणाला आणि त्याने नववी सूचना म्हणून दाखवली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहा वाजता, गवत कोरडं असताना, सगळ्या सूचना पाळून बहिरू उताराला आडवं कापत होता. वरच्या बाजूचं मागचं चाक एका वारुळाच्या बुडावर चढलं. वारूळ गवतात होतं आणि ते दगड नसल्यामुळे त्याने ते काढलं नव्हतं. यंत्र खालच्या बाजूला कलंडलं. बहिरूने उडी मारली, पण डावा पाय खाली राहिला आणि पातं फिरत होतं. मी धावत जाऊन प्लगची तार ओढली आणि इंजिन बंद पाडलं. ते मला नीट जमलं.

पुण्याच्या दवाखान्यात त्याचं अर्धं पाऊल काढावं लागलं.

त्या आठवड्यात मी यंत्राची मापं घेतली. मागच्या दोन चाकांमधलं अंतर सव्वीस इंच. माणूस बसल्यावर वजनाचं केंद्र जमिनीपासून साधारण चोवीस इंच. म्हणजे एकंदर कल अठ्ठावीस अंशांवर गेला की यंत्र उलटणार. उतार सतरा. वारुळाच्या बुडावर चाक चार इंच चढलं, त्याचे आणखी नऊ. उरलेले दोन अंश माणसाच्या अंगाच्या झोकाने भरून निघतात. गणिताला वीस मिनिटं लागली. ते मी सूचना लिहितानाही करू शकलो असतो. ढकलायचं यंत्र आडवं घेतात ते चालणाऱ्याचा पाय घसरून पात्याखाली जाऊ नये म्हणून. बसणाऱ्याचा पाय घसरत नाही. त्याचं यंत्रच उलटतं. ते उभं, वरखालीच चालवायला हवं. बहिरूने गणित न करता तेच सांगितलं होतं.

मी हे सगळं ढमाले साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मग कंपनीचा नियम समजावून दिला: कामावर अपंग झालेल्या माणसाची चूक नसेल तर त्याला हलकं काम द्यायचं, बहिरूला फाटकावर बसवता येईल आणि खोलीही राहील. चूक त्याची असेल तर काम आणि खोली दोन्ही जातील. चौकशीला मुंबईहून साहेब येणार होते.

"आता तुमचा हा कागद त्यांनी वाचला," ढमाले म्हणाले, "तर चूक तुमची. तुम्हाला नेमलं मी. कागद भिंतीवर लावू दिला मी. आपण तिघंही जाऊ. बहिरूला ठेवतील असं तुम्हाला वाटतं? यंत्रच विकून टाकतील आणि इथली माणसं कमी करतील."

हे खरं होतं की नाही, मी तपासलं नाही. एरवी मी सगळं तपासतो. मला कायम व्हायला सहा आठवडे उरले होते, एवढी संख्या तेवढी माझ्या डोक्यात होती.

मी नवा कागद लिहिला. तीच शाई, तेच अक्षर, तीच तारीख. अकरा सूचना जशाच्या तशा. नववी: उतारावर यंत्र उभं, वरखालीच चालवा, आडवं कधीही चालवू नका. ढमाल्यांनी तो लांब धरून पाहिला आणि म्हणाले की फार नवा दिसतो. जुन्या कागदाच्या कोपऱ्यात ताजुद्दीन मिस्त्रीचा ग्रीसचा अंगठा उमटला होता. मी डब्यातलं ग्रीस घेतलं आणि त्याच जागी माझा अंगठा उमटवला. जुना कागद ढमाल्यांनी बंबात घातला.

चौकशी नोव्हेंबरच्या शेवटी, दुपारी, व्हरांड्यात झाली. बहिरू काठी टेकत आला आणि त्याला खुर्ची दिली तरी खांबाला धरून उभा राहिला. हिरी पायरीशी बसली. मुंबईचे साहेब सभ्य होते. त्यांनी आधी बहिरूच्या पायाची विचारपूस केली. मग कागद मागवला आणि नववी सूचना मोठ्याने वाचली.

बहिरूचा चेहरा उजळला. तो इतका उजळेल असं मला वाटलं नव्हतं.

"सायेब, म्या बी त्येच म्हनलो हुतो," तो म्हणाला. "उभं घ्याचं. आडवं घेतलं की उलटतंय."

"म्हणजे आडवं घेणं धोक्याचं, हे तुला आधीच ठाऊक होतं?"

"व्हय तर. गाडी हाकायला लागल्यापासनं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. लिहून होईपर्यंत बहिरू समाधानाने उभा होता, आपलं म्हणणं कागदाशी जुळलं म्हणून. मग साहेबांनी विचारलं, ठाऊक होतं तर आडवं का घेतलं?

बहिरूने माझ्याकडे पाहिलं. त्यात तक्रार नव्हती. एखादं नाव आठवत नसलं की माणूस शेजाऱ्याकडे बघतो तसं ते बघणं होतं.

"मास्तर म्हनले हुते, पुस्तकात आडवं हाय म्हून."

साहेब माझ्याकडे वळले. तुम्ही असं सांगितलं होतं का, त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "कागदात आहे तेच सांगितलं. उभं."

हिरी पायरीवरून उठली आणि उभी राहिली. बहिरू तिला म्हणाला, बस. मग तो साहेबांकडे वळला आणि हळूच म्हणाला की मग त्याच्याच ऐकण्यात काही चूक झाली असेल, वयामुळे असं होतं. मी समोरच्या उताराकडे बघत होतो. गवत वाळून पिवळं झालं होतं आणि वारूळ इथूनही दिसत होतं.

दोन दिवसांनी ताजुद्दीन मिस्त्री पातं काढायला आला. तो भिंतीवरच्या कागदासमोर बराच वेळ उभा राहिला, मग मला जवळ बोलावून त्याने स्वतःचा अंगठा दाखवला. त्यावर छिन्नीने झालेला जुना आडवा व्रण होता.

"कागदावरच्या अंगठ्यात हा नाही," तो म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही, मास्तर. माझं इथलं काम चालू राहायला हवं. पण मला कळलंय, एवढं तुम्हाला कळलेलं बरं."

त्याने प्लगची तार काढली, खिशात ठेवली आणि कामाला लागला.

डिसेंबरच्या एक तारखेला मी कायम झालो. त्याच आठवड्यात बहिरूच्या नावाने कंपनीचं पत्र आलं. ते इंग्रजीत होतं. ढमाले साहेब सोडले तर विश्रामधामात इंग्रजी वाचून मराठीत सांगणारा माणूस मी एकटाच, म्हणून हिरी ते घेऊन माझ्याकडे आली. बहिरू आला नाही. त्याला माझ्या खोलीच्या पायऱ्या चढवत नव्हत्या.

मी पत्र वाचून दाखवलं. या वेळी एकही वाक्य गाळलं नाही, कुठेही दुसरीकडचं घेतलं नाही. चालकाला लेखी सूचना दिल्या होत्या. धोक्याची त्याला स्वतःला पूर्ण कल्पना होती, हे त्याने चौकशीत आपणहून कबूल केलं. तरीही त्याने सूचनेविरुद्ध वर्तन केलं. सबब अपघाताची जबाबदारी त्याची. खोली पंधरा दिवसांत रिकामी करावी.

माझं वाचून झाल्यावर हिरीने सगळं पुन्हा वाचायला सांगितलं आणि मी पुन्हा वाचलं.

"ह्यात तुमचं नाव कुटं हाय?" तिने विचारलं.

नाही, मी म्हणालो.

"कुटंच न्हाई?"

"नाही."

तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. मग तिने विचारलं की पंधरा दिवस आजपासून धरायचे की उद्यापासून. मी पत्रावरची तारीख बघितली आणि सांगितलं, त्यातले चार आधीच गेलेत.