दादाचा कान

घरात सगळ्यांत धाकटी म्हणून तिला बारकी म्हणत, आणि कामही तिने तसंच बारकाईचं धरलं: माणसांची हुबेहूब चित्रं. आधी जलरंगाचे पातळ थर, ते वाळले की वरून रंगीत पेन्सिल, इतक्या हलक्या हाताने की कागदाला कळूही नये. चेहऱ्याला ती पहिल्यांदा फिकट हिरवा लावी.

"आजारी दिसतोय की मी," तिचा थोरला भाऊ कुरकुरायचा.

"थांब रे दादा, रक्त नंतर भरते."

दादा बोटीवर नोकरीला निघाला त्याआधी तिने त्याचं ते चित्र पुरं केलं. वर्षभरात बोट बुडाली. चित्र जेवणाच्या टेबलासमोर लागलं.

तीन वर्षांनी, भर दुपारी, दादा दारात उभा! आईचं हसणं कुठलं आणि रडणं कुठलं, कळेना. त्याला सगळं आठवत होतं, जिन्याची कुरकुरणारी पायरीसुद्धा. बारकीचाही ऊर भरून आला. आठवड्याने तिने त्याला खिडकीपाशी बसवलं, नवं चित्र काढायला.

कान जुळेना. हात लांब करून, एक डोळा मिटून तिने पेन्सिलीवर पुन्हा पुन्हा माप घेतलं. दादाच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती. याची सुटी होती.

ती स्वयंपाकघरात गेली. "आई, याचा कान वेगळा आहे."

"पोराने काय काय भोगलं असेल, आणि तू कान कसले बघतेस?"

"भोगून कान बदलत नाही गं!"

आईने पाठ फिरवली.

रोज सकाळी तो जुन्या चित्रासमोर उभा राही, हातातला चहा गार होईपर्यंत. एक बोट स्वतःच्या कानावर फिरत असे. पुढच्या बैठकीला बारकीने पाहिलं, तर पाळी गालाला चिकटलेली. तिने आपला कागद तपासला. त्यावर ती सुटीच होती.

घरात कुणी नसताना तिने जुनं चित्र चौकटीतून काढलं आणि टोकदार पेन्सिलीने डाव्या डोळ्याखाली एक तीळ काढला. दादाला तिथे तीळ कधीच नव्हता.

दोन-तीन दिवसांत तीळ त्याच्या डोळ्याखाली उगवला. नाश्त्याच्या वेळी आई अंगठ्याने पुसायला गेली. निघेना.

"अगंबाई, तीळच की," आई म्हणाली. "लहानपणापासूनचा."

बारकीने त्याच दिवशी चित्र आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या संध्याकाळी तो तिच्या दारात आला. "बारके, चित्र दे ना."

"कोण आहेस तू?"

त्याचं बोट कानाच्या पाळीवर गेलं. "तुझा दादा. म्हणजे... चित्र बघितलं की नीट आठवतं. नाही बघितलं तर आईचा चेहरासुद्धा निसटतो."

त्याच्या नाकाची कड गालात मिसळत चालली होती, ओल्या रंगात पाणी पडावं तशी. डोळे मात्र रडवेले झाले होते. सकाळपर्यंत कुलूप उघडलं नाही तर तो पुरता पुसला जाईल, हे बारकीला कळत होतं.

तेवढ्यात आईची हाक आली, "अरे, कुठे गेलास? ताट वाढलंय!" तो यायच्या आधी तीन वर्षं त्या घरात असा आवाज नव्हता.

बारकीने कुलूप उघडलं.

चित्र पुन्हा टेबलासमोर आहे. आई थकत चालली आहे, तेव्हा लेक तसाच तरुण राहून कसं चालेल? म्हणून बारकी अधूनमधून चित्र उतरवते, डोळ्यांच्या कडांना बारीक रेघा ओढते. यंदा तिने ब्लेडच्या टोकाने कानशिलाजवळचा रंग खरवडला आणि खालचा पांढरा कागद केसाएवढा उघडा केला.

परवा त्याच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता आई थांबली. "अरे, पिकायला लागलास की तू!"

तो हसला. मग बारकीकडे बघत राहिला, ती मान वर करीपर्यंत.