उपरण्याखालचा भाव

"भाव तोंडानं बोलायचा न्हाई," उपरणं पसरत बसप्पा म्हणाले. "आपण काय भाजी विकतोय व्हय?"

विकायचा होता अक्कलकोट रोडवरचा डिझेलचा पंप. बसप्पांची उमेदीची वर्षं बैलबाजारात गेली. तिथे भाव उपरण्याखाली, बोटं दाबून ठरतो; शेजारच्याला कळत नाही. पुढे ते बैलांवरून डिझेलवर आले, रीत तीच राहिली. एक बोट म्हणजे पाच हजार, असं आधीच ठरलं होतं.

घेणारे आबासाहेब नातेपुत्याचे. ऊस, दोन ट्रॅक्टर आणि कॉलेजची दोन वर्षं, एवढी त्यांची मालमत्ता. पंप ते कर्जासकट घेणार होते. वर बोटांनी जे ठरेल ते बसप्पांचं.

त्र्याहत्तरच्या सुरुवातीला पंपावर लॉऱ्यांची रांग लागायची. म्हणून बसप्पांनी बँकेचं कर्ज काढून दुसरी टाकी पुरली. मग लांब कुठे अरबांनी तोटी आवळली, तेल भडकलं, लॉऱ्या निम्म्या झाल्या. दुसरी टाकी कोरडीच राहिली. व्याज मात्र नेमानं येत होतं. तरी लोक आपली एकरं सांगतात, तसं बसप्पा आपलं कर्ज सांगत.

"दोन टाक्या हायत, आबासाहेब."

"एक कोरडी हाय की, अण्णा."

"असू दे की. बँकेनं तिच्यापायी ऐंशी हजार दिल्यात. बँक येडी हाय व्हय?"

"दिलं तवा पंप लाखाच्या वर व्हता. आता ऐंशीला तरी कोण इचारतंय? गिऱ्हाईक निम्मं झालं, पण कर्ज न्हाई निम्मं झालं."

"बँकेनं ऐंशी दिलं म्हंजे पंप त्याहून मोठाच असणार," बसप्पा म्हणाले. हा हिशेब ते वर्षभर सगळ्यांना ऐकवत होते आणि कुणी खोडलाही नव्हता. उधारीवर डिझेल नेणारी माणसं कशाला खोडतील?

दाक्षायणीबाई दारात उभ्या होत्या. पंपामागचं घरही पंपाबरोबर जाणार होतं. अक्कलकोटला बहिणीशेजारी दोन खोल्या त्या बघून आल्या होत्या. एक बोट आलं तरी भागणार होतं.

दोघांचे उजवे हात उपरण्याखाली गेले. बसप्पांनी तळवा उघडा धरला. त्यात आबासाहेबांची मूठ येऊन बसली.

बोटं उघडतील म्हणून बसप्पा थांबले. घासाघीस करताना गडी आधी मूठच देतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी अंगठ्यानं जरा चाचपलं. मूठ मिटलेलीच राहिली. आबासाहेब रस्त्याकडे बघत होते.

"अण्णा," ते हळू म्हणाले, "कर्ज माझ्या अंगावर घेतोय, त्योच भाव समजा."

दारातून दाक्षायणीबाईंनी कानडीत विचारलं, "एष्टु?" किती?

बसप्पांनी मूठ सोडली नाही.

"साकु," ते म्हणाले. पुरेसं आहे.

दाक्षायणीबाईंनी हात जोडून देवाचं नाव घेतलं आणि त्या लगबगीनं आत गेल्या. स्टोव्हचा पंप मारल्याचा आवाज आला. बाहेर दोघंही हलले नाहीत.

चहा आला, तो दोघांनी डाव्या हातानं घेतला.