काचेपलीकडची पोरगी

पोरगी वेळेआधीच जन्मली, मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आई कोपरापर्यंत हात धुऊन आत जायची आणि तिच्या तळव्याला बोट लावून यायची, तेवढंच. बसमध्ये कंडक्टर असलेली, भरलेल्या गाडीतली गर्दी एका हाकेत पुढे सरकवणारी ही बाई त्या खोलीत श्वासही जपून घ्यायची.

एका सकाळी सिस्टरनं तिला दारातच अडवलं. तिच्या हातावर, मानेवर लाल फोड उठले होते, काहींत पाणी भरलं होतं.

डॉक्टरांनी पाहिलं. "कांजिण्या असू शकतात. आत सगळी नाजूक बाळं आहेत. शंका फिटेपर्यंत तुम्हाला आत सोडता येणार नाही."

"मग फेडा शंका. तपासा मला, आत्ता!"

डबा घेऊन आलेल्या सासूबाईंनी लांबूनच निकाल दिला, "कांजिण्याच गं या."

"आई, शुभ बोला की!"

प्रयोगशाळेतल्या बाईंनी एक फोड फोडून त्याच्या बुडाशी कापसाची काडी घासली. मग रक्तही काढलं.

"दोन्ही कशाला?"

"काडीवरून कळेल, आता कांजिण्या आहेत का. रक्तावरून कळेल, पूर्वी होऊन गेल्यात का. एकदा झाल्या की सहसा पुन्हा होत नाहीत."

"मला आठवत नाही. सांगायला माझी आईही राहिली नाही."

"रक्त सांगेल."

तो दिवस तिनं दूध काढून आत पाठवण्यात आणि भिंतीकडे बघण्यात काढला. रडली नाही. रडलं की दूध आटतं, असं सासूबाई म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जवळजवळ धावतच आले. "कांजिण्या नाहीत! आणि पूर्वी होऊन गेल्यात, रक्तात प्रतिकारशक्ती भक्कम आहे."

"मग हे फोड?"

डॉक्टर ओशाळले. "तुम्ही बाळंतिणी झोपता त्या खोलीतल्या गाद्या उलटून पाहिल्या. ढेकूण."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि मग पोट धरून हसत सुटल्या. "बरी चुकले गं बाई मी!"

आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून ती आत गेली. आज सिस्टरनं पेटी उघडली, पोरगी उचलली आणि सरळ तिच्या छातीवर ठेवली. पहिल्यांदाच. पोरगी वळवळली, कुरकुरली आणि कान टेकून निवांत झाली.

बाहेर सासूबाई काचेला नाक लावून जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवत होत्या, "ती बघा, ती आमची!"