डोळे सर्वांत शेवटी

स्वतःला घडताना मी पाहिलेलं नाही. मी एक तसबीर आहे. खिडकीपाशी मटार सोलत बसलेल्या एका बाईची. ज्या घरात माझा जन्म झाला, तिथे माणसाचे डोळे सर्वांत शेवटी रंगवायची पद्धत होती. त्यामुळे माझी शाल, माझे हात, मांडीवरचं पातेलं कुणी रंगवलं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आणि कोर्टाला नेमकं तेवढंच हवं आहे.

त्या घरात चित्रकार दोन होते: बाबा, आणि त्यांची मुलगी, ताई. दोघांना मिळून एक खोली, रंगांचं एक टेबल आणि ब्रश पुसायला बाबांचा एक जुना सदरा. ताई त्यांच्याच हाताखाली शिकली. म्हणूनच तिची रेघ त्यांच्या रेघेपासून वेगळी काढता येत नाही, अशी साक्ष पुढे तज्ज्ञाने दिली. बाबा हयात असते तर ती ऐकून सुखावले असते. ताई मात्र मान खाली घालून बसली होती.

पण ते फार नंतरचं. त्याआधीची वर्षं मी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर काढली, आणि अजूनही मला आठवतं ते तेच टेबल. आई वाढता वाढता माझ्याकडे नजर टाकायची. “मी इतकी रागीट दिसते होय?” असं विचारायची, आणि कुणी उत्तर देण्याआधीच धाकट्या मुलाच्या ताटात आणखी वाढायची. बाबा मान वर न करता जेवत. चित्र कुणी काढलं, असं एखाद्या पाहुण्याने विचारलं, तर आई म्हणे, “घरीच काढलंय.” पाहुण्याचं तेवढ्याने समाधान होई. घरच्यांनी कधी विचारलंच नाही. असले प्रश्न उत्तर देणारी माणसं गेल्यावरच सुचतात.

आईबाबा गेले. पुढे बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा धाकट्याने मलाही तिथे पाठवलं. माझ्याखाली बाबांचं नाव लागलं. ताई ते वाचून बाहेर पडली, आणि तिने दावा दाखल केला. तेव्हापासून माझ्या पाठीवर कोर्टाने पुराव्याच्या निशाणीची चिठ्ठी डकवलेली आहे.

चित्र तुमचं होतं तर सही का केली नाहीत, असं धाकट्याच्या वकिलांनी तिला विचारलं.

“आईवर कसली सही करायची?” ताई म्हणाली.

हे उत्तर नोंदवून घ्यावं, अशी वकिलांनी विनंती केली. त्यांना ते आपल्या फायद्याचं वाटलं.

भांडण किमतीचं आहे, असा दोन्हीकडच्या वकिलांचा समज आहे. खरं कारण मी एकदाच ऐकलं. शिपाई मला व्हरांड्यातल्या भिंतीला टेकवून किल्ली आणायला गेला होता. समोरच्या बाकाच्या दोन टोकांना बहीणभाऊ बसले होते. धाकटा खाली बघतच बोलला.

“ताई, तुझी चित्रं ढीगभर आहेत. बाबांनी आईकडे एकदा तरी इतका वेळ पाहिलं होतं, एवढं मला राहू दे.”

ताईने माझ्यावरची नजर काढली नाही. “आणि मी पाहिलं, ते कुठे ठेवू, बंड्या?”

तेवढ्यात वकील आले. दोघंही अनोळखी माणसांसारखी सरळ होऊन बसली.

आता मी कोर्टाच्या कोठारात आहे, तोंड भिंतीकडे करून. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, मला पुन्हा एखाद्या जेवणाच्या टेबलासमोर लावा, आणि त्या टेबलाशी या दोघांना बसवा. एवढंच माझं मागणं आहे.

साक्ष द्यायचीच झाली, तर माझ्यापाशी एकाच क्षणाची आहे. माझे डोळे पूर्ण झाले तेव्हा समोर दोघंही उभी होती. ब्रश बाबांच्या हातात होता. ओला पांढरा रंग ताईच्या अंगठ्यावर होता. खिडकीपाशी बसलेल्या आईने पातेलं बाजूला ठेवत विचारलं, “झालं का?”

“झालं,” दोघंही एकदम म्हणाली.