पाठीवरचं मलम

"पाठीला कोण लावील?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पिराजी स्टुलावर पाठमोरा बसला होता. तेलानं काळी पडलेली बंडी त्यानं घडी घालून मांडीवर ठेवली होती. जणू ती घडी घालण्याच्या लायकीची होती.

"लावतील की. तालीमभर पोरं हाईत," तो म्हणाला.

"घरात कोणी नाही?"

"तालीम म्हंजे घरच की, बाई."

शिवाजी पेठेतल्या त्या लहानशा सरकारी दवाखान्यात डॉक्टर संघप्रिया कांबळे नव्यानंच आल्या होत्या. वय तिशीच्या आतलं. पिराजी साठीला टेकलेला. त्यांनी त्याला वळवून समोर बसवलं आणि कोपरापासून मनगटापर्यंत उठलेल्या पुळ्या पुन्हा एकदा पाहिल्या. लालसर, मधोमध पांढरं टोक, आणि प्रत्येक पुळीतून एक केस बाहेर आलेला.

"हा महारोग नाही आणि देवाचा कोपही नाही," त्या म्हणाल्या. "केसांच्या मुळांना सूज आलीय. तेल, घाम आणि मळ तिथं तुंबतो, जंतू आत शिरतात आणि पुळी येते. फोडायची नाही, खाजवायची नाही. कोमट पाण्यात फडकं भिजवून शेकायचं, साबणानं धुवायचं, कोरडं करायचं आणि मग हे मलम. सकाळी आणि संध्याकाळी. पंचा स्वतःचा वापरायचा, बंडी रोज धुतलेली. आणि तेल बंद."

"अंगाचं व्हय? हाताला चालंल की."

"हातालाही नाही. पाठ साफ झाली की मला दाखवा, मग तालमीत जा. तोवर कुणाचं अंग रगडायचं नाही. तुमच्याकडनं त्यांना लागेल."

तेल बंद म्हणजे पिराजी बंद. हे बाईंना ठाऊक असायचं कारण नव्हतं. तालमीत कुस्ती खेळणारे पुष्कळ झाले, पण अंग रगडावं ते पिराजीनं, असं अख्खी पेठ म्हणायची. तरुणपणी तो स्वतः खेळायचा. एका मैदानात उजवा खांदा निखळला तो पुन्हा धड बसलाच नाही. लंगोटाचं ब्रह्मचर्य संपवायची परवानगी मिळाली तोपर्यंत मुली बघायचं वय निघून गेलं होतं. एक बहीण होती, ती नृसिंहवाडीला दिलेली. तीही गेली. मग तो तालमीतच रमला आणि हातात तेलाची वाटी घेतली, ती घेतलीच.

पहाटेची मेहनत झाली की पोरं एकमेकांचं अंग रगडत, पण नाव असलेले पैलवान पिराजीपुढंच पालथे पडत. कुणाची मांडी कुठं आखडते, कुणाच्या पाठीत कुठं गाठ आहे, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. सगळ्यांचं उरकेपर्यंत पोरं दूध प्यायला पांगलेली असत. वाटीत उरलेलं तेल तो स्वतःच्या हातांना पुसायचा आणि त्याच बंडीत दिवस काढायचा. आंघोळ रविवारी, तीही रंकाळ्यावर हवा बरी असली तर.

त्या साली, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, पुळ्या पहिल्यांदा हातावर आल्या. धोंडीराम वस्तादांनी त्या पाहिल्या आणि मिशीवर हात फिरवून निदान केलं.

"मातीत लोळ जा. हौदाच्या मातीत हळद हाय, कापूर हाय, ताक हाय. ह्या मातीनं भल्याभल्यांचं हाड जोडलंय, तुजी पुळी काय घिऊन बसलाईस?"

कोल्हापुरात तालमीच्या मातीवर शंका घेणारा माणूस अजून जन्मायचा आहे. पिराजी कुस्तीच्या हौदात, त्या मऊ मातीत, उताणा पडला. पोरांनी त्याच्यावर खोऱ्यानं तांबडी माती ओढली. तेलकट, घामेजलेल्या पाठीखाली ती चांगली मळून बसली, आणि वर दिवसभर त्यानं ती धुतली नाही, कारण वस्तादांनी अंगातच मुरू दे म्हटलं होतं. आठवड्याच्या आत पाठ तव्यावरच्या पुरणपोळीसारखी फुलली. रात्री कुशीवर झोपावं तर हात ठणकत, उताणं झोपावं तर पाठ.

मग आणखी दोघा पोरांच्या मानेवर पुळ्या दिसल्या, आणि तालमीत कुजबुज सुरू झाली. वस्ताद त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. एरवी ते हळू बोलत नसत, म्हणून पिराजीला ते जास्त लागलं.

"पिराजी, मैदान जवळ आलंय. बरं हुईस्तवर घरला ऱ्हा. वाईट वाटून घिऊ नगंस."

"छ्या, वाईट कशाचं," पिराजी म्हणाला.

घर म्हणजे मंगळवार पेठेकडं जाणाऱ्या बोळातली एक खोली. त्यात तो आजवर फक्त झोपायला येई. आता दिवसभर तिथं बसायचं म्हणजे पाहुण्यासारखं वाटू लागलं. तरी दवाखान्यात बाईंनी सांगितलेलं त्यानं इमानानं केलं. नवा पंचा आणला. बंडी दगडावर आपटून आपटून पांढरी केली. स्टोव्हवर पाणी तापवून हात शेकले, मलम लावलं, आणि पुळ्या सुकल्या. खपल्या पडल्या, कातडी नवी आली. आपले हात इतके कोरडे असू शकतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. भाकरीचा तुकडा धरला तरी बोटांना परका लागायचा.

पाठीचं मात्र अडलं. डावा हात मागून वर नेला तर कमरेच्या वर पोचेना आणि उजवा खांदा जागचा हलेना. मलमाची नळी हातात घेऊन तो भिंतीवरच्या आरशापुढं भोवऱ्यासारखा फिरला. आरशात त्याला पाठ काही दिसली नाही, फक्त आपलं तोंड दिसलं, आणि ते बघवत नव्हतं.

शेवटी तो शेजारी बयाबाईच्या दाराशी गेला. बयाबाई त्याच्याच वयाची, नवऱ्यामागं दोन मुलं वाढवलेली, तोंडानं तिखट आणि हातानं सढळ. अडीअडचणीला दोन भाकऱ्या तिच्याकडूनच यायच्या. ती आपणहून लावील, पिराजीला वाटलं. पण दारात तिची सून भांडी घासत होती, समोरच्या दोघी तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि सगळ्यांनी एकदमच वर पाहिलं.

"काय रं पिराजी, हातात काय धरलंईस? दात घासायचं व्हय?" बयाबाईनं विचारलं.

शेजारणीनं गड्याच्या पाठीला हात लावला म्हणजे पेठेला महिनाभर पुरेल इतका खुराक. तिला त्या बोलण्यात ढकलायचा आपल्याला काय हक्क?

"व्हय, दात घासायचंच हाय," तो म्हणाला.

"आता दुपारचं?"

"सकाळी ऱ्हायलतं."

बायका खो खो हसल्या. बयाबाईनं हसत हसत वाटीभर मिरचीचा खरडा दिला. तो घेऊन पिराजी परत आला आणि दार लावून बसला. त्या दिवशी त्याला स्वतःची कीव आली.

दोन दिवसांनी बाळासो आला. गगनबावड्याकडच्या एका वाडीतून आलेलं हे पोर, पहिल्यांदा तालमीत पाय ठेवला तेव्हा बरगड्या मोजून घ्याव्यात असं होतं. आता दारात उभा राहिला तर खोलीतला उजेड गेला. ती पाठ, ते खांदे, पिराजीच्या हातांनी रोज रगडून घडवले होते. बाळासोनं दुधाचा तांब्या उंबऱ्याच्या आत सरकवला आणि आपण बाहेरच थांबला.

"मामा, कसं हाय?"

"हात बग," पिराजीनं दोन्ही हात पुढं केले. "झाला का न्हाय साफ? बाई हुशार हाय. पाठ तेवढी ऱ्हायलीया."

"मातीत पडून बगा की अजून एकदा."

"मातीनंच घोळ केलाय रं," पिराजी म्हणाला. मग जरा थांबून, नळीकडं बघत, "बाळासो, एवढं मलम लावतोस व्हय? हितं मदी. माजा हात पोचंना."

बाळासोनं आपल्या तळहातांकडं पाहिलं. मोठे हात, पण लहान पोरानं शाळेत छडीसाठी पुढं करावेत तसे त्यानं ते धरले होते.

"मामा, वस्तादांनी शप्पत घातलीया. आयतवारी मैदान हाय. पुळी आली तर जोडीचा पैलवान अंगाला अंग लावायचा न्हाय. मैदान झालं की येतो. तुमच्या पायाची आण, येतो."

"व्हय, व्हय. बरोबर हाय तुजं. म्याच खुळा. जा, दूध तापवून पितो म्या."

बाळासोचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग यायला जागाच नव्हती. मैदानाच्या तोंडावर त्यानं असल्या पाठीला हात लावला असता तर पहिली शिवी पिराजीनंच घातली असती. तो गेल्यावर पिराजीनं दूध तापवलं आणि ते उतू गेलं तरी बघत बसला.

रविवारी संध्याकाळी हलगी वाजत बोळाच्या तोंडापर्यंत आली. बाळासोनं कुस्ती मारली होती. गुलालानं माखलेला तो पोरांच्या खांद्यावर बसला होता. दारात उभ्या असलेल्या पिराजीला बघून त्यानं हात वर केला, काहीतरी ओरडला, आणि मिरवणूक तालमीकडं वळली. पिराजीनंही हात वर केला. बाळासोच्या पाठीवर गुलाल होता, डाव्या खांद्याखाली जिथं गाठ धरते तिथं कुणाचा तरी हात थोपटत होता. 

बाळासो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. जत्रांचे दिवस होते, गावोगावची आमंत्रणं आली असतील. पिराजीनं वाट बघणं सोडलं आणि फडताळातून उलथणं काढलं. ते राखेनं घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं, त्याच्या पात्याला मलम लावलं आणि ज्या हातांनी कधीकाळी मोळीच्या डावात बांधून गडी उचलले होते त्या हातांनी चपाती उलटावी तशी स्वतःची पाठ सारवली. थंड लोखंड अंगाला लागलं की शहारा यायचा. कमरेला लागलं, बरगड्यांना लागलं, वर खांद्यांनाही लागलं. दिवसामागून दिवस तो हे करत राहिला.

दवाखान्यात पुन्हा गेला तेव्हा त्यानं पांढरी बंडी घातली होती. संघप्रियाबाईंनी पाठ पाहिली आणि समाधानानं हुंकार दिला. मग त्यांचं बोट थांबलं.

"इथं मधोमध राहिलंय. दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, तळहाताएवढं. बाकी सगळं स्वच्छ आहे. पोरांनी इथं लावलं नाही वाटतं?"

"पोरंच ती," पिराजी म्हणाला. "लावत्यात, पर अर्धं ध्यान मैदानाकडं. म्या वरडतो त्यास्नी."

बाई वाकून जवळून बघू लागल्या. पाठीवर इकडं तिकडं सरळ, बोथट ओरखडे होते. माणसाच्या बोटांनी असे ओरखडे उठत नाहीत. त्यांनी टेबलावरची नळी उघडली.

"बसा. आज मी लावते."

बाईंनी हात धुतले, बोटावर मलम घेतलं आणि त्या राहिलेल्या जागी ते गोल गोल फिरवू लागल्या. पिराजीनं डोळे मिटले. एवढ्या वर्षांत किती पाठी रगडल्या त्याला गणती नव्हती, पण माणसाचा हात आपल्या पाठीला लागला म्हणजे असं वाटतं, हे त्याला आज कळलं.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं.

"न्हाय. हात हलका हाय तुमचा. रग न्हाय अजिबात."

बाई हसल्या. "मला पैलवानाचं अंग कुठं रगडायचंय? रोज सकाळी येत जा. एवढं गेलं की तालमीत जायला मोकळे."

"व्हय."

"झालं. घाला बंडी."

पिराजी हलला नाही. बंडी मांडीवर तशीच होती.

"जरा वाळू द्या की, बाई," तो भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला.

ते मलम वाळणारं नव्हतं. बाईंनी दारात आलेल्या पुढच्या पेशंटला हातानंच थांबायची खूण केली, आणि आपलं बोट पुन्हा त्याच जागी ठेवून सावकाश फिरवत राहिल्या. पिराजीचे दोन्ही हात बंडीवर उताणे पडले होते, स्वच्छ आणि कोरडे.