हात मांडीखाली

लोटन आबा मूळचे सोनगीरचे. पण एकतीस वर्षं यावल डेपोच्या गाड्यांवर कंडक्टर होते, म्हणून निवृत्तीनंतर घर यावलातच केलं. नोकरीने त्यांना दोन सवयी लावल्या होत्या. समोरचा माणूस विनातिकीट आहे असं धरून त्याच्याकडे बघायचं, ही एक. दुसरी, जे सांगायचं ते तोंडाने न सांगता तिकिटाच्या चिमट्याने सांगायचं. दांड्यावर एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ड्रायव्हरशी असंच निभलं. बायको बेबाबाईंचं म्हणणं, संसारही असाच निभला.

डेपोत तिकिटाची मशीनं आली, चिमटा आबांच्या खिशात राहिला, आणि त्यावर नात वाढली. रिद्धी, वय वर्षं पावणेतीन. आबा खाटेच्या लोखंडी पायावर दोन टोले मारून म्हणायचे, "रिद्धी, चल." पोरगी निघायची. एक टोला, "थांब." जागच्या जागी खांब. तीन टोले, "जेवायला ये." पोरगी ताटापुढे. गल्लीतल्या प्रत्येक पाहुण्याला हा खेळ दाखवून झाला होता. खेळ संपला की आबा मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे, "तिले बठ्ठं समजस."

पोरीला सगळं समजत नाही असं म्हणणारी घरात एकटीच, सून कामिनी. "आबा, मी 'चप्पल आण' म्हणते तर ती माझ्या तोंडाकडे बघत बसते."

"तुना आवाजमा दम नही," बेबाबाई म्हणायच्या. त्यांच्या आवाजात दम होता, शेजारच्या घरातली पोरंही त्या आवाजाने ताटावर बसत. पण रिद्धी नाही.

कामिनीने सहा महिने ऐकून घेतलं. मग एके दिवशी तिने जळगावच्या वाचा-उपचाराच्या मॅडमची वेळ घेतली आणि घरात सांगितलं, विचारलं नाही. आबा सोबत निघाले. मॅडमला पटवून परत यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

कान तपासून झाले, उत्तम निघाले. आबांनी खिशातून चिमटा काढला, टेबलाच्या कडेवर दोन टोले मारले. "रिद्धी, चल." रिद्धी चालली. आबांनी मॅडमकडे पाहिलं.

मॅडमनी हात पुढे केला. "आजोबा, तो जरा माझ्याकडे द्या. हात मांडीखाली घ्या. आता सांगा."

"रिद्धी, चल."

रिद्धीने आबांच्या मांडीकडे पाहिलं. हात कुठे गेला ते शोधलं.

"चल. रिद्धी, चल ना!" आबांचा आवाज स्टँडवर 'भुसावळ, भुसावळ' ओरडल्यासारखा झाला. पोरगी त्यांच्या खिशात हात घालून चिमटा शोधू लागली. कामिनीला आपलं खरं ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"हुशार आहे ती," मॅडम म्हणाल्या. "टोल्यांची अख्खी भाषा शिकलीय. तशीच शब्दांची शिकेल. पण शब्द एकटा आला तरच त्याच्याकडे लक्ष जाईल." मग त्यांनी रीत सांगितली. दोन शब्दांचं सोपं वाक्य, घरच्या बोलीतच. सांगून गप्प राहायचं, मनात पाच आकडे मोजायचे. नाही जमलं तर तिचा हात धरून करून घ्यायचं, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. रोज लिहून ठेवायचं. तीन महिन्यांनी या.

परतीच्या गाडीत कंडक्टरने एक घंटी दिली, तशी आईच्या मांडीवर नाचणारी रिद्धी गप्प झाली. दोन घंट्या झाल्या, पुन्हा नाचू लागली. आबांनी ते साकळीपर्यंत पाहिलं. पुढे डोळे मिटून बसले.

घरी आल्यावर त्यांनी चिमटा रुमालात गुंडाळून ट्रंकेत टाकला. बेबाबाईंचा जीव हळहळला. "राहू द्या ना, पोरगी खूश होते."

"जूनमा बालवाडीत जाशे ती," आबा म्हणाले. "तठे चिमटा नही."

वही त्यांनीच आखली. कंडक्टर फेरीचा हिशेब लिहितो त्या वेबिलासारखी. वेळ, वाक्य, सांगणारा, निकाल. स्वतःहून केलं तर फुल तिकीट, हात धरून केलं तर हाफ. पहिला आठवडा सगळे हाफच. आबा खाटेवर हात मांडीखाली दाबून बसायचे, "चेंडू दे" म्हणायचे आणि पाच मोजताना ओठ चावायचे. बोट आपोआप खाटेचा पाया शोधायचं, ते कामिनीला दिसायचं. ती फक्त "आबा," म्हणायची. हात परत मांडीखाली.

तिसऱ्या आठवड्यात बेबाबाईंच्या नावावर एकदम सहा फुल लागले. आबांनी वही खाली ठेवली आणि तपासणीला निघालेल्या साहेबासारखे दाराआड उभे राहिले. बेबाबाई म्हणाल्या, "वाटी दे," आणि वाटीकडे असं टक लावून पाहिलं की दगडानेही वाटी आणली असती.

"विनातिकीट!" आबा आत आले. "तुना डोळा बोली राह्यनात!"

"मंग काय डोळे फोडू?"

"पाठ कर. भाकरी थापता थापता सांग."

सहाच्या सहा फुल खोडले गेले. बेबाबाई दोन दिवस आबांशी बोलल्या नाहीत. पण रिद्धीशी बोलल्या ते चुलीकडे तोंड करून.

दहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी बेबाबाईंनी स्वयंपाकघरातून हाक दिली, "रिद्धी, आबाले पाणी दे." पोरगी तांब्या घेऊन आली. अर्धं पाणी फरशीवर, उरलेलं आबांच्या धोतरावर. कामिनीने टाळी वाजवायला हात उचलले.

"थांब," आबा म्हणाले. "रोज याच वेळेला मला पाणी मिळतं. ती वेळ ओळखते. हाफ."

"आबा!" कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती अडवाल पोरीला?"

"बालवाडीतली बाई अडवशे त्यापेक्षा मी अडवेल बरं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. या घरात कधीच कुणी सांगितलं नसेल असं काहीतरी हवं होतं. मग हात मांडीखाली घेतले, नजर छताला लावली आणि म्हणाले, "रिद्धी, आबानी टोपी बाहुलीले घाल."

एक. दोन. बेबाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःहून पाठ फिरवली. तीन. रिद्धीने आबांच्या डोक्याकडे पाहिलं. चार. ती खाटेवर चढली, टोपी ओढून काढली, खाली उतरली. कोपऱ्यातल्या बाहुलीपाशी गेली आणि टोपी घातली. बाहुली गळ्यापर्यंत टोपीत बुडाली.

कुणी टाळी वाजवली नाही. आबांनी वही मांडीवर ओढली खरी, पण ती कोपराने. हात अजून मांडीखालीच होते. पान वाऱ्याने उघडलं. छताकडेच बघत ते पुटपुटले, "पेन दे."

ते कुणाला म्हणाले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. रिद्धी कोनाड्याकडे गेली, पेन घेऊन आली आणि त्यांच्यासमोर धरून उभी राहिली.

आबा हलले नाहीत. "कामिनी, मी हात पुढे केला होता का?"

"नाही, आबा."

"कोनाड्याकडे पाहिलं?"

"छताकडे बघत होतात."

"खरं सांग."

"खरंच सांगते."

मग त्यांनी हात बाहेर काढले. हातांना मुंग्या आल्या होत्या, पेन दोनदा निसटलं. वहीत त्यांनी वेळ लिहिली, दोन्ही वाक्यं लिहिली, सांगणाऱ्याच्या रकान्यात 'आबा' लिहिलं, आणि पुढे दोन फुल.

मग फरशीवरचं पाणी पुसायला फडकं हवं होतं. त्यांनी हात पुन्हा मांडीखाली घेतले.