सातव्या मिनिटाचा तुकडा

बायको, लीलाबाई, गेल्याचं भिमाजीला कळलं तेव्हा टोपली भट्टीत होती. उर्स्याच्या कारखान्यात एक लहान चाचणी-भट्टी आहे. तिच्यातल्या तापलेल्या वाळूत खालून हवा सोडली की वाळू आमटीसारखी खदखदते. त्या वाळूत बाभळीचे अंगठ्याएवढे तुकडे जाळीच्या टोपलीतून सोडायचे, मिनिटामिनिटाला एकेक काढून मापायचा आणि माप कागदावर लिहायचं, हे त्याचं काम. सहा मापं झाली आणि शेजारच्या आक्काबाईंचा फोन आला. "भाऊ, घरी या. लीला उठंना." सातवा तुकडा आतच राहिला.

तिसऱ्या दिवशी पवना नदीच्या काठी राख सावडताना भिमाजीने एक काळा, हलका तुकडा उचलून मडक्यात ठेवला.

"दाजी, ते लाकूड हाय," मेहुणा रतन हळूच म्हणाला.

"लाकूड असं ऱ्हात न्हाई."

"जन्म भट्टीवर गेला तुमचा, आन् कोळसा वळखंना व्हय?"

भट्टीच्या वाळूत लाकूड आधी धूर सोडतं. वजन जातं, आकार मात्र बराचसा तसाच राहतो. मग ते तडकतं, एकाचे चार होतात, आणि वाळू घासून घासून त्यांचं पीठ करते. हाती काही येत नाही. चितेत वाळू नसते, म्हणून कोळसा उरतो, हे त्याला न कळण्यासारखं नव्हतं. पण तुकडा मडक्यातून काढायला हात होईना. तो लीलाचा असला तर?

मडकं घराबाहेरच्या जांभळीला टांगलं. दहाव्याच्या आधी खात्री करावी म्हणून तो तुकडा खिशात घालून कारखान्यात गेला. बाभळीचा नवा तुकडा वाळूत सोडला, तिसऱ्या मिनिटाला काढला. त्याचे तीन झाले होते. एक खिशातल्यासारखा दिसत होता, दोन नव्हते. ताडून पाहायचं ते कुठल्याशी? चाचणी बघणाऱ्या राजेश्वरी मॅडमना त्याने विचारलं, यात हाड असतं तर कसं दिसलं असतं. त्यांनी मापांचा कागद चाळला. मग म्हणाल्या, आपल्या कागदात ते नाही, काका, तुम्ही घरी जा.

तो घरी आला. तुकडा परत मडक्यात ठेवला.

दहावा झाला, तेरावाही झाला. मडकं न्यायला रतन दोनदा येऊन गेला. मडकं अजून जांभळीलाच आहे. अस्थी नदीत सोडायच्या राहिल्या आहेत.